मोहल्ल्यातले पक्षी मोजू या: चार दिवस, रोज पंधरा मिनिटं

दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर, शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस, जगभरातली माणसं आपल्या घराभोवतीचे पक्षी मोजतात. याला ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ म्हणतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने 1998 मध्ये ही गणना सुरू केली. 2013 पासून ती जगभर होते आणि भारतही त्याच वर्षापासून तिच्यात आहे. आपल्याकडे ‘बर्ड काउंट इंडिया’ हा गट तिचं काम बघतो.

बॅकयार्ड म्हणजे परसबाग. पण आपल्यापैकी किती घरांना परसबाग आहे? काळजी नको. गॅलरी, गच्ची, मशिदीजवळचं पिंपळाचं झाड, कब्रस्तान, शाळेचं मैदान, यातली कोणतीही जागा चालते.

मोजून काय होतं, असं मुलं आम्हाला विचारतात. आम्ही गिधाडांचं उदाहरण देतो. पांढऱ्या पाठीची गिधाडं एकेकाळी गावोगावी दिसायची. 1992 ते 2007 या काळात भारतात त्यांची संख्या 99.9 टक्के घटली. पूर्वीच्या मोजण्या हाताशी होत्या म्हणून ही घट आकड्यांत दाखवता आली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आणली. मोजदाद नसती तर ‘हल्ली गिधाडं दिसत नाहीत’ एवढंच आपण बोलत बसलो असतो.

2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात 942 जातींचा आढावा आहे. त्यासाठी 30 हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदी वापरल्या. त्यातले बहुतेक जण शास्त्रज्ञ नव्हते, तुमच्या-आमच्यासारखेच हौशी लोक होते. पण हौशी लोक तलावावर, जंगलात जास्त जातात. दाट वस्तीतून नोंदी कमी येतात. आपल्या गल्लीतल्या चिमण्या कमी झाल्या की टिकून आहेत, हे गल्लीतल्याच कुणीतरी मोजल्याशिवाय कळणार नाही.

आपल्यासाठी हा विषय परका नाही. सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान अलैहिस्सलाम पक्ष्यांची पाहणी करतात आणि हुदहुद गैरहजर असल्याचं त्यांच्या लक्षात येतं. कोण आहे आणि कोण नाही, हे बघणं म्हणजेच गणना. आणि भारतातल्या पक्षीशास्त्राचं सर्वांत मोठं नाव, डॉ. सालीम अली, 1896 साली मुंबईत एका मुस्लिम घरात जन्मले. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. पिवळ्या गळ्याची एक चिमणी कोणती, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं, आणि तिथून त्यांचा सगळा प्रवास सुरू झाला. आपल्या घरातल्या मुलाच्या प्रश्नाला तुम्ही कुठे पाठवता?

आता करायचं कसं ते बघू.

फोनवर ‘ई-बर्ड’ हे मोफत ॲप घ्या. वेळ सकाळची उत्तम. फजरची नमाज पढून, उजाडल्यावर गच्चीवर या. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबा. दिसलेला आणि आवाजावरून ओळखलेला प्रत्येक पक्षी जातीप्रमाणे लिहा, पुढे आकडा टाका. थवा असेल तर अंदाजाने लिहा. तोच कावळा परत आला असं वाटलं तर दुसऱ्यांदा धरू नका.

कावळे, पारवे, घारी सोडू नका. ‘हे काय रोजचेच’ म्हणून मुलं त्यांना गाळतात, आणि यादी निकामी होते. शेवटी ॲप विचारतं, ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का? सगळे लिहिले असतील तरच ‘हो’ म्हणा. फक्त चारच जाती दिसल्या तरी ती यादी पाठवा. न ओळखलेला पक्षी ठोकून देऊ नका. त्याचा फोटो किंवा आवाज ‘मर्लिन’ या मोफत ॲपला दाखवा, तरी खात्री नसेल तर नाव लिहू नका. चुकीच्या नोंदीपेक्षा कमी नोंद बरी.

याद्या सगळ्यांना दिसतात, म्हणून जागेचं नाव लिहिताना घराचं किंवा खानदानाचं नाव नको, मोहल्ल्याचं लिहा.

घरातल्या बुजुर्गांना सोबत घ्या. दादीअम्मी ज्याला फाख्ता म्हणतात, त्याला शाळेच्या पुस्तकात होला म्हणतात. त्यांची मैना म्हणजे आपली साळुंकी. त्यांच्या लहानपणी अंगणात काय काय यायचं तेही विचारा आणि वहीत वेगळं लिहून ठेवा. ज्या भगिनींना सकाळी घराबाहेर पडायला सवड नसते, त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजलं तरी ती नोंद तितकीच पक्की.

फेब्रुवारी लांब असेल तर थांबू नका. ई-बर्डवर वर्षभर कधीही यादी टाकता येते. या रविवारी पंधरा मिनिटं सराव करा, म्हणजे गणनेच्या दिवशी हात बसलेला असेल.