मंगरूळ वेशीतून पायी मंगरूळपीरला

कारंजा लाडच्या चार वेशींची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत: दिल्ली वेस, पोहा वेस, दारव्हा वेस आणि मंगरूळ वेस. ज्या वेशीतून बाहेर पडायचे तिला त्या दिशेच्या गावाचे नाव. म्हणजे ही नावे ठेवली तेव्हा माणूस वेशीतून निघत होता आणि चालत किंवा बैलगाडीने त्या गावाला पोहोचत होता. अहमदनगरच्या सुलतानाने आपल्या मुलीला हे गाव आंदण दिले असे सांगतात, म्हणून याला ‘बीबीचे कारंजे’ही म्हणत. आज मंगरूळ वेशीपाशी उभे राहून “मंगरूळपीरला पायी कुठून जायचे?” असे विचारा. दहापैकी नऊ जण बसस्थानकाचा रस्ता दाखवतील आणि दहावा विचारेल, “नवस हाय का?”

नवस नव्हता. गेल्या डिसेंबरात आमच्या घरातली सात माणसे तीन दिवस सुटी म्हणून चालली. त्यात बासष्ट वर्षांच्या अम्मी होत्या, खाला होत्या, दोन मुली होत्या आणि एक भाचा. मंगरूळपीरला हजरत दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे, गावाच्या नावातला ‘पीर’ तिथूनच आला. तिथे पोहोचायचे हे ठरले होते, पण घाई कसलीच नव्हती. गाडीने जे अंतर तासाभरात संपते, त्याला तीन दिवस दिले.

ही कल्पना आमची नव्हे. इंग्लंडात अशी सुटी घेणारे पुष्कळ आहेत. वाटाड्या नाही, सोबत जथा नाही. हातात नकाशा आणि दोन-चार पानांची टिपणे: ओढा ओलांडा, ओकच्या झाडापासून डावीकडे वळा, मेंढ्यांच्या कुरणातून चर्चच्या मनोऱ्याकडे चालत राहा. रोज दहा-पंधरा किलोमीटर चालायचे आणि संध्याकाळी ठरलेल्या घरी मुक्काम. सामानाची पेटी गाडीने आधीच तिथे गेलेली असते. कॉट्सवोल्ड वे 102 मैलांचा आहे, हेड्रियनच्या भिंतीलगतचा मार्ग 84 मैलांचा. म्हातारी जोडपीही ते सहज चालतात, कारण चढ सौम्य आणि टप्पे लहान ठेवता येतात.

पण त्या सुटीत खरी मोलाची गोष्ट हिरवी कुरणे नाहीत. ती वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते आणि शेतमालक ती अडवू शकत नाही, ही आहे. हा हक्क तिथेही आपोआप आलेला नाही. 1932 साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरपठारावर शेकडो कामगार मुद्दाम बंदी मोडून चढले आणि त्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावे लागले. 1949 साली कायदा झाला. त्यात प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतल्या पायवाटा नकाशावर नोंदवायच्या असे ठरले. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. शेत नांगरताना वाट मोडली, तर शेतकऱ्याने ती ठरावीक दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, हाही नियम आहे.

आता आपल्याकडे पाहा. वाशिम जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला गाव नकाशा आहे. त्यावर तुटक दुहेरी रेषा दिसली की तो गाडरस्ता समजायचा, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट. या पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. आपण ज्याला पांदण म्हणतो ती याच नकाशावर आहे. रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जाता येते. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून वाट मागता येते. कागदावर आपण फार मागे नाही. मात्र आपला कायदा शेतात जाणाऱ्या कास्तकाराचा विचार करतो, नुसत्या चालणाऱ्याचा नाही. आणि जमिनीवरची गोष्ट तर निराळीच आहे. दोन्हीकडचे धुरे दरवर्षी तासभर आत सरकतात, मध्ये बोरी-बाभळी वाढतात आणि वीस वर्षांत पांदण दोन काकऱ्यांएवढी उरते.

आम्ही निघण्याआधी वाटेतल्या गावांचे नकाशे मिळवले. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात. मुलींनी ते एकमेकांना जोडून, फोनवरच्या उपग्रह-चित्राशी ताडून टिपणे लिहिली. हे काम चालण्याइतकेच गोड निघाले. एका गावाची तुटक रेषा शिवेपाशी संपे आणि पुढच्या गावाच्या नकाशात नेमकी तिथूनच सुरू होई, तेव्हा घरात टाळ्या पडत.

पहिल्या दिवशी सोयाबीन केव्हाच निघालेले, तूर फुलावर, कापसाची वेचणी चालू. काळी जमीन भेगाळलेली, पण पायाखाली टणक. हीच वाट श्रावणात चालून पाहू नये. चप्पल चिखलात राहते आणि माणूस पुढे जातो. अडाणच्या खोऱ्यात सकाळी धुके होते. दूर रोह्यांचा कळप तुरीत मान घालून उभा होता. जनावर पाहायला सुंदर, कास्तकाराला विचाराल तर तो वेगळे सांगेल. ज्यांना काळवीट पाहायचे असतील त्यांनी कारंजा-सोहोळ अभयारण्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. अठरा चौरस किलोमीटरचे हे गवताळ रान शहराच्या जवळच आहे.

रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारी, “गाडी बिघडली का?” नाही म्हटले की, “मग पायी कायले चालले?” याचे उत्तर आम्हाला दोन दिवस नीट देता आले नाही. शेवटी अम्मींनीच एका म्हाताऱ्या बाईला सांगितले, “डाक्टरनं चालाले सांगितलं, मंग घरातल्या घरात किती फिरू?” ते मात्र सगळ्यांना पटे.

दुसऱ्या दिवशी पांदण अचानक संपली. पुढे ताजा वखर फिरलेला हरभरा होता. नकाशात रेषा सरळ जात होती, शेतात तिचा मागमूस नव्हता. शेतमालक दुरून येताना दिसला तसे आमचे बोलणे थांबले. सात अनोळखी माणसे, त्यात बुरख्यातल्या बायका आणि टोपी घातलेला भाचा. सध्याचे दिवस कसे आहेत ते वाचकांना सांगायला नको. भाच्याने सलाम न करता नमस्कार केला आणि नकाशाची घडी उलगडली. त्या माणसाने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, “हे माह्या आज्याच्या टायमाची वाट हाय. कोणी चालतच नाही, म्हनून वखरलं.” वाद झाला नाही. त्याने आम्हाला धुऱ्याने नेले, विहिरीवरची मोटर चालू करून दिली. त्या पाण्याने आम्ही वुजू केले आणि कडुनिंबाखाली जुहर पढलो. नमाज होईपर्यंत तो कुत्र्याला धरून बाजूला उभा होता.

त्याचे वाक्य आमच्या डोक्यात राहिले, कारण इंग्लंडातही चालणाऱ्यांची हीच काळजी आहे. रॅम्बलर्स ही तिथली चालणाऱ्यांची जुनी संस्था. 2020 साली तिच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे आजच्या नकाशांवर ठेवून पाहिले, तर नोंदीतून सुटलेल्या वाटा 49 हजार मैलांहून जास्त निघाल्या. आपल्याकडे हे काम एखाद्या शाळेच्या नववीच्या वर्गाला एका हिवाळ्यात आपल्या गावापुरते करता येईल. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करण्याला आपल्या दीनमध्ये ईमानची शाखा म्हटले आहे. अडवलेली पांदण मोकळी करणे त्यात का धरू नये, हा प्रश्न मशिदीतल्या जुम्म्याच्या बयानात एकदा यावा असे आम्हाला वाटते.

मुस्लिम कुटुंबांनी असे रानोमाळ फिरावे का, असेही आम्हाला विचारले गेले, विशेषतः मुलींबद्दल. ब्रिटनमध्ये हारून मोटा यांनी कोविडच्या काळात ‘मुस्लिम हायकर्स’ नावाचा गट सुरू केला. 2021 च्या नाताळात शंभरावर बायका-पुरुष-मुले पीक डिस्ट्रिक्टमधल्या मॅम टॉर टेकडीवर गेली. फोटो पाहून समाजमाध्यमांवर काहींनी त्यांना वाईट बोलून घेतले. तो गट थांबला नाही. उलट जास्त लोक येऊ लागले. आमच्या मुली तर वाटभर पुढेच होत्या, नकाशा त्यांच्या हातात असल्यामुळे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे कामाचे. रोज दहा-बारा किलोमीटरपेक्षा जास्त ठरवू नका. डिसेंबरात मगरिब पावणेसहाच्या सुमाराला होते, तेव्हा असरपर्यंत मुक्कामी पोहोचावे. (इंग्लंडात जूनमध्ये ती रात्री नऊनंतर असते, तिथल्यांना ही घाई नाही.) मुक्काम सोयऱ्यांकडे करा, आपल्या घरांत एखादा मामेभाऊ निघत नाही असे गाव विरळाच. पिशव्या आम्ही ओळखीच्या ऑटोवाल्याकडे देत होतो. जेवायला ज्वारीची भाकर, पिठले, ठेचा. हलालचा प्रश्नच येत नाही. गावात शिरण्याआधी पोलीस पाटलाला एक फोन केलेला बरा. रानडुकरांसाठी लावलेल्या तारांच्या कुंपणाला मुलांनी हात लावू नये. झटका मशीन असो वा नसो, अंदाज घेत बसू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी बांबूची काठी घ्यावी, अम्मींची तुरीच्या शेतातून मागून घेतलेली काठी दुसऱ्या दिवशीच मोडली.

तिसऱ्या दिवशी दर्ग्यात फातिहा पढून आम्ही एसटीने परतलो. खालांनी उतरल्याबरोबर मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरपर्यंतच्या गावांचे नकाशे कुठे मिळतील ते विचारले. भाचा त्यासाठी सोमवारी तहसीलला जाऊन आला. तीन मिळाले आहेत, दोन बाकी आहेत.