मेक्सिकोची जमीन, शहाद्याची जमीन

हंगामात नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते. शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर ही मिरची उन्हात वाळते आणि तिचे देठ खुडायला बायाबापड्यांचे हात लागतात. शहाद्याच्या बागायतीत पपई, तर सातपुड्याच्या उतारांवर मका. ही तिन्ही पिके मूळची मेक्सिको आणि त्याच्या शेजारच्या मुलखातली. ती हजारो वर्षे निवडून, पेरून ज्या लोकांनी घडवली, त्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले? नंदुरबारकराला ती कहाणी परकी वाटणार नाही.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिश सेनापती कोर्तेसच्या हाती पडली. स्पॅनिशांच्या बरोबरीने लढणारे हजारो स्थानिक लोक अझ्टेकांच्या खंडणीला कंटाळलेले होते, आणि देवीच्या साथीने शहर आधीच खिळखिळे केले होते. पुढची तीनशे वर्षे स्पेनची सत्ता राहिली. १८१० मध्ये मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने बंडाची हाक दिली आणि १८२१ मध्ये देश स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्याने जमीन मात्र परत आली नाही. उलट १८५६ च्या एका सुधारणावादी कायद्याने चर्चबरोबरच गावांच्या सामाईक मालकीवरही घाव घातला. हेतू प्रगतीचा होता. पण कागद, वकील आणि पैसा ज्यांच्याकडे होता त्यांनी गावजमिनी गिळल्या. पोर्फिरिओ दिआसच्या प्रदीर्घ राजवटीत मोठ्या जमीनदारी वाड्या, म्हणजे हासिएंडा, आणखी फुगल्या. तिथला मजूर मालकाच्याच दुकानातून उधारीवर धान्य घेई आणि कर्ज फिटेपर्यंत तिथेच राबे; कर्ज सहसा फिटत नसे. खानदेशात सालाची उचल घेऊन बांधला गेलेला सालदार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९१० मध्ये क्रांती पेटली. मोरेलोस प्रांतातल्या एमिलियानो सापाताची मागणी साधी होती: बळकावलेल्या जमिनी गावांना परत करा. १० एप्रिल १९१९ रोजी त्याला दगा देऊन मारण्यात आले. पण त्याआधी, १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमात, देशाची जमीन आणि पाणी मुळात राष्ट्राचे आहे हे तत्त्व आले होते. मेक्सिकोच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच म्हणावे लागेल, कारण राजे आणि अध्यक्ष अनेकदा बदलले, पण जमिनीचा हक्क कुणाचा हा प्रश्न घटनेने पहिल्यांदा शेतकऱ्याच्या बाजूने सोडवला.

या वळणावर एक मराठी माणूस होता. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीचे आद्य क्रांतिकारक आणि अमेरिकेत शिकलेले शेतीतज्ज्ञ. इंग्रजांनी मायदेशाची वाट बंद केलेली. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. हे विद्यालय एका जुन्या हासिएंडातच उभे होते आणि माणसाचे नव्हे, जमिनीचे दोहन शिकवणे हे त्याचे ब्रीद होते. खानखोज्यांनी मका आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केले. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी काढलेल्या मुक्त कृषिशाळा. जमीन वाटली तरी ती कसायचे ज्ञान वाटले नाही, तर शेतकरी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभा राहणार, हे त्यांनी ओळखले होते. यातल्या एका शाळेला सापाताचेच नाव होते. चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर सर्वांना भाकर वाटून देणारा माणूस रंगवला, त्याचा चेहरा खानखोज्यांचा आहे. पुढे ते नागपूरला परतले आणि १९६७ मध्ये वारले. महाराष्ट्राच्या शाळेतल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे?

१९३४ ते १९४० या काळात अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली. ती माणसांच्या नावे विकता येण्याजोगी नव्हती; ती गावाच्या सामाईक मालकीची होती आणि कुटुंबांकडे फक्त कसण्याचा हक्क होता. या व्यवस्थेचे नाव एहिदो.

जमिनीचा हक्क कुणाचा, हाच प्रश्न शहाद्यात १९७० च्या सुमारास उसळला. सावकारी आणि कागदोपत्री फसवणुकीतून भिल्लांच्या जमिनी गेल्या होत्या, आणि त्याच जमिनींवर ते सालदार म्हणून राबत होते. सर्वोदयातून पुढे आलेले, भजने गाणारे अंबरसिंग महाराज त्यांना एकत्र करत होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासी बायांनी गावोगावची दारूची मडकी फोडली. १९७४ मध्ये अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. सापाताने मागितले होते त्याचीच ही खानदेशी आवृत्ती, आणि इथल्या लोकांनी ती कुठल्याही परदेशी पुस्तकावाचून मांडली.

मेक्सिकोत पुढे काय घडले, हे सातपुड्यातल्या ग्रामसभांनी अवश्य पाहावे. १९९२ मध्ये २७ वे कलम बदलून एहिदोच्या जमिनी खासगी करण्याची वाट मोकळी झाली. १ जानेवारी १९९४ रोजी चियापास प्रांतातल्या आदिवासींनी सापाताचे नाव घेऊन उठाव केला. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक दाव्यांबरोबर सामूहिक हक्कही दिला आहे. कुटुंबाच्या नावाचा पट्टा आज हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पण गावाच्या नावाचा दावा तेवढ्याच नेटाने दाखल करणे, त्याचे कागद सांभाळणे आणि जंगलाचा कारभार ग्रामसभेनेच चालवणे, यासाठी मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी मोजलेली किंमत पुरेसे कारण आहे.