थोडं औषध, नेमकी पाळत

विदर्भातल्या सावली, मूल, गडचिरोली या पट्ट्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घरोघरी पोचला आणि त्यामागून तोंडाचा कर्करोगही. रोग पसरला किंवा उलटला, की हाती मोजकेच उपाय उरत.

त्यांतला एक निवोलुमॅब. हे इम्युनोथेरपीचं औषध गाठीला थेट मारत नाही. गाठीने शरीराच्या संरक्षक पेशींवर लावलेला ब्रेक ते सोडवतं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम, खर्च लाखोंचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 151 रुग्णांच्या अभ्यासात दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम वापरलं, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर सुमारे 16 टक्के रुग्ण हयात होते. निवोलुमॅब जोडल्यावर 43 टक्के. 2022 साली जाहीर झालेला हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. मात्र हा रोगमुक्तीचा दावा नव्हे.

औषध लागू पडतंय का, हे स्कॅनवर ठरतं. ठरावीक गाठींच्या मापांची बेरीज निदान 30 टक्के घटली तर प्रतिसाद, 20 टक्के वाढली तर रोग पुढे सरकला, असा ढोबळ नियम. क्वचित संरक्षक पेशींच्या गर्दीने गाठ आधी फुगते, मग आटते. म्हणून रुग्णाची तब्येत बरी असेल तर डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. सैल सुटलेल्या या पेशी थायरॉइड, यकृत, आतडी, फुप्फुसांवरही उलटू शकतात. त्यासाठी रक्ततपासण्या होतात. जुलाब थांबेनात किंवा दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावं, मग ते चंद्रपूरला असोत की नागपूरला.