बंगळुरूत न मिळालेली खुर्ची

१९३६ सालची गोष्ट. बंगळुरूकर ज्या विज्ञानसंस्थेला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, तिथे एक बैठक चालली होती. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना कायमचे प्राध्यापकपद द्यावे, असा संचालक रामन यांचा आग्रह. बॉर्न समोरच बसलेले. एक इंग्रज प्राध्यापक उठले आणि म्हणाले की, स्वतःच्या देशाने हाकललेला हा दुय्यम दर्जाचा परका आपल्या कामाचा नाही. बॉर्न घरी गेले आणि पत्नीजवळ रडले. आठवणींत त्यांनीच हे लिहून ठेवले आहे. तेव्हा त्यांचे वय ५३. क्वांटम सिद्धान्ताचा संभाव्यतेच्या भाषेत अर्थ लावून त्यांना दहा वर्षे झाली होती. त्याच कामासाठी १९५४मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

जर्मनीत ७ एप्रिल १९३३च्या कायद्याने ज्यू आणि राजकीय विरोधक सरकारी सेवेतून काढले गेले. तिथली विद्यापीठे सरकारी, त्यामुळे प्राध्यापकही गेले; बॉर्न त्यांतलेच. पुढच्याच महिन्यात इंग्लंडमध्ये विल्यम बेव्हरिज यांनी अशा विद्वानांसाठी मदतमंडळ उभे केले. अध्यक्ष अर्नेस्ट रदरफर्ड. हे मंडळ निर्वासिताला चूल पेटती राहील एवढे विद्यावेतन देई आणि त्याच्याच विषयातली जागा शोधत राही. मला यातले दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. उपासमार टळली, पण हातातले काम सुटले, तर विद्वान आतून गंजत जातो.

जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांना फ्रायबुर्गमधून काढले, तेव्हा केंब्रिजच्या हॉपकिन्स यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेतले. सुदैवाने क्रेब्ज यांना आपली वायुमापक उपकरणेही बरोबर नेता आली. शेफील्डमध्ये १९३७ साली त्यांनी पेशीश्वसनाचे जे चक्र उलगडले, ते आपली मुले आज अकरावीच्या जीवशास्त्रात शिकतात.

लुडविग गुटमान यांची वाट लांबची होती. ब्रेस्लाऊचा हा नामवंत मेंदू-मज्जाशल्यचिकित्सक १९३९मध्ये ऑक्सफर्डला आला आणि रुग्ण सोडून संशोधनात अडकला. अखेर १९४४च्या फेब्रुवारीत त्यांना स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातला कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग मिळाला. असे रुग्ण वाचत नाहीत, हीच तेव्हाची समजूत. गुटमान यांनी त्यांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवले, अंगावर जखमा होऊ दिल्या नाहीत, मग हाती धनुष्य दिले. २९ जुलै १९४८ला लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना रुग्णालयाच्या हिरवळीवर असे १६ जण स्पर्धेत उतरले. पॅरालिंपिकचा उगम तिथला.

बॉर्न यांना १९३६च्या शरद ऋतूत एडिंबराने प्राध्यापकपद दिले. पण आपल्या विषयातली जागा सगळ्यांना मिळाली नाही; सुमारे २०,००० निर्वासित स्त्रिया मोलकरणीच्या परवान्यावर इंग्लंडला आल्या. तोच दरवाजा त्यांना उघडा होता. त्यांत वकील होत्या, शिक्षिका होत्या, डॉक्टरही होत्या. पदव्या ट्रंकेत ठेवून त्यांनी परक्या घरांतल्या शेगड्यांची राख काढली.