पाहणाऱ्याचा खेळ

गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या हातात कंट्रोलर दिला आणि म्हणाला, "मामा, कोणावरही फोन धरा, तोच सांगते सगळं." पडद्यावर शिकागो शहर होते. रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी बाईचे नाव, वय, व्यवसाय, उत्पन्न आणि खासगी आयुष्यातील एक ओळ क्षणात समोर आली. मी दुसऱ्यावर फोन धरला, मग तिसऱ्यावर. अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. नंतर मात्र मनाशी ओशाळलो. हे टिपण त्या ओशाळेपणातून आले आहे.

'वॉच डॉग्ज' हा युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा गेम २७ मे २०१४ रोजी बाजारात आला. अशा गेमना 'ओपन-वर्ल्ड' म्हणतात. खेळणाऱ्याने ठरलेल्या वाटेने न जाता अख्ख्या शहरात मनाप्रमाणे हिंडावे, हवे ते काम आधी हाती घ्यावे, अशी त्यांची रचना असते. यातील शिकागोचे सिग्नल, पूल, कॅमेरे सारे 'सीटीओएस' नावाच्या एकाच यंत्रणेला जोडलेले आहेत. नायक एडन पिअर्स फोनवरून त्या यंत्रणेत शिरतो. त्याची लहानगी भाची मारली गेली आहे आणि त्याला सूड घ्यायचा आहे.

या गेमवर टीका झाली ती बहुतेक दिसण्यावरून. २०१२ साली दाखवलेला नमुना देखणा होता, हाती आलेला गेम त्यापुढे फिका पडला, ही गाजलेली तक्रार. ती खरी असेलही. पण पाळत हाच ज्याचा विषय आहे, त्या कृतीला आणखी एक कसोटी लावली पाहिजे. नायक काय बोलतो यापेक्षा गेम आपल्या हातून काय करवून घेतो आणि त्याची नोंद कशी ठेवतो, हे पाहावे.

गेममध्ये लोकमताचा एक तराजू आहे. निरपराध माणसाला मारले की पारडे खाली जाते, गुन्हा रोखला की वर. पण एखाद्याच्या बँक खात्यातून पैसे काढले किंवा त्याच्या घरातील कॅमेऱ्यातून आत डोकावले, तर तराजू हलतही नाही. यंत्रणा वाईट आहे असे कथा सांगते. तीच यंत्रणा आपल्या हातात आली की मौज आहे, असे खेळ शिकवतो. पाहिल्या गेलेल्या माणसाला त्यात उत्तर देण्याची सोय नाही. माझ्या मते या गेमचा मोठा दोष हा आहे. फिके रंग त्यापुढे किरकोळ.

२०१६ च्या दुसऱ्या भागात ही चूक थोडी सुधारली आहे. त्याचा नायक मार्कस होलोवे याला यंत्रणेनेच न केलेल्या गुन्ह्याचा संशयित ठरवले आहे. म्हणजे येथे आपण पाहिल्या गेलेल्याच्या जागेवरून सुरुवात करतो. हा भाग हलकाफुलका, थट्टेखोर आहे, तरी प्रश्न नेमका विचारतो: यंत्र चुकले, तर दाद कोणाकडे मागायची?

हा प्रश्न आम्हा नागपूरकरांना परका नाही. २०१६ च्या सप्टेंबरात नागपूरची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. आज शहरातील चौकाचौकांत मिळून साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे आहेत. २०२४ साली राज्य सरकारने पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. तिचे ठाणेही नागपूरच. चोर सापडावा, अपघात करून पळणारा पकडला जावा, हे कोणाला नको आहे? पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आहे. त्यामुळे तराजूची दुसरी बाजूही पाहावी लागते.

मागे एकदा माझ्या नावाने ई-चलान आले. फोटोतली स्कूटर माझी नव्हती. क्रमांकातील एक आकडा चुकीचा वाचला गेला होता. दंड किरकोळ होता, पण 'हा मी नव्हे' हे पटवून द्यायला चार खेटे घालावे लागले. मी निवृत्तीकडे झुकलेला, वेळ असलेला माणूस. रोजीवर जाणाऱ्याने मुकाट्याने दंड भरला असता.

म्हणून भाच्याला मी गेम बंद कर म्हटले नाही. दुसरा भाग आधी खेळ, म्हटले. आणि पहिला खेळताना ज्याच्या खात्यातून पैसे काढशील, त्याच्यावर धरलेल्या फोनवरची ती एक ओळ पूर्ण वाच. तो हसला, पण पुढच्या माणसाजवळ थोडा थांबला खरा.