अवयव पडत नाहीत? मग वर्गसमीकरण सोडवायचं कसं?

समजा, नाशिकजवळच्या एका शेतात ५० चौरस मीटरचं शेडनेट उभारायचं आहे. लांबी रुंदीपेक्षा ४ मीटर जास्त हवी. मग रुंदी किती?

रुंदी क्ष मानली, तर क्ष² + ४क्ष − ५० = ०. आता ५० चे असे दोन अवयव हवेत, ज्यांच्यात ४ चा फरक असेल. १ आणि ५०, २ आणि २५, ५ आणि १० यांपैकी एकही जोडी चालत नाही. दहावीच्या पेपरात अशा वेळी गणित सोडून द्यावंसं वाटतं. पण अवयव पडले नाहीत, म्हणजे उत्तरच नाही असं नसतं.

सूत्र आलं कुठून?

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजगणित' ग्रंथात श्रीधराचार्यांची एक रीत दिली आहे. दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा.

आपल्या उदाहरणात क्ष² + ४क्ष = ५०. चारने गुणल्यावर ४क्ष² + १६क्ष = २००. दोन्हीकडे १६ मिळवले की डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो: (२क्ष + ४)² = २१६. २१६ चं वर्गमूळ सुमारे १४.७०, म्हणून क्ष = ५.३५. दुसरं मूळ ऋण आहे आणि रुंदी ऋण नसते, म्हणून ते सोडून द्यायचं. रुंदी ५.३५ मीटर, लांबी ९.३५ मीटर.

हीच रीत संख्यांऐवजी अ, ब, क या अक्षरांवर वापरली की पाठ्यपुस्तकातलं सूत्र मिळतं:

क्ष = [−ब ± √(ब² − ४ × अ × क)] ÷ (२ × अ)

आधी काय तपासायचं?

ब² − ४ × अ × क हा विवेचक. सहगुणक पूर्णांक असतील तर:

- विवेचक पूर्ण वर्ग किंवा शून्य असेल, तर अवयव पडतात.
- धन असून पूर्ण वर्ग नसेल, तर सूत्र वापरा. वर आलेले २१६ तसेच आहेत.
- ऋण असेल, तर वास्तव मुळं नाहीत. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, हे भास्कराचार्यांनीही नोंदवलं आहे.

ब्राझीलमध्ये या सूत्राला आजही 'भास्कराचं सूत्र' म्हणतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख मात्र नाशिक विभागातच आहे, चाळीसगावजवळच्या पाटण्यात.