व्हरांड्यातले विज्ञान

शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप असते. व्हरांडा, जिना आणि पटांगण सगळ्यांचेच असते. अशा सामाईक जागी मुलांनी हाताळावीत म्हणून मांडलेली साधने तास-वेळापत्रक पाळत नाहीत. मधल्या सुटीत पाचवीतला मुलगा आणि दहावीतली मुलगी एकाच दोरीशी खटपट करतात.

हात लावून शिकण्याची ही रीत १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय उभारल्यावर जगभर गाजली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने १९७९ मध्ये मुलांसाठी उघड्यावरचे विज्ञान उद्यान केले. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२चे. पण मंगरूळपीरसारख्या गावाहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या पलीकडे, म्हणजे सहल निघाली तरच. फिरत्या प्रदर्शनाची गाडी आली तरी दोन दिवसांत निघून जाते. रोज हाताशी राहते ते शाळेच्या आवारातलेच.

त्यात सर्वांत स्वस्त लंबक. आढ्याला एक मीटर दोरीने लोखंडी नट टांगला की एक पूर्ण झोका साधारण दोन सेकंदांत होतो. जास्त नट अडकवले की तो लवकर झुलेल, अशी मुलांची खात्री असते. तसे होत नाही. मात्र नट एकाखाली एक बांधले तर लांबीच वाढते आणि प्रयोग फसतो, म्हणून ते एकाच आकड्यात अडकवावेत. दोरी निम्मी केली की वेळही निम्मा होईल, हा पुढचा अंदाज. तोही चुकतो: वेळ येतो १.४ सेकंद. एक सेकंदासाठी दोरी पाव मीटरच लागते. शेजारच्या पाटीवर हे उत्तर लिहू नये, फक्त प्रश्न लिहावा.

पटांगणातले सूर्यघड्याळ मात्र गावाचेच असावे लागते. मंगरूळपीरचे अक्षांश सुमारे २०.३ अंश, काट्याचा तिरपेपणा तेवढाच हवा. दिल्लीसाठी केलेले तयार घड्याळ इथे चुकीची वेळ दाखवते. बरोबर बसवलेलेही मनगटी घड्याळाशी जुळत नाही, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि हे गाव त्याच्या पाच अंश पश्चिमेला. त्यामुळे सूर्य दिवसातला सर्वांत उंच येतो तो सरासरी १२ वाजून २१ मिनिटांनी; नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.०४ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.३५ च्या. सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते असे शून्य सावलीचे दिवस वर्षातून दोन, २१-२२ मे आणि २१-२२ जुलैच्या सुमारास. पहिला उन्हाळी सुटीत जातो, दुसरा बहुधा ढगांत.

खरी अडचण देखभालीची. चुंबक खिशातून घरी जातात, आरसे तडकतात. म्हणून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात आणि सायकलवाल्याकडे मिळेल तेच सामान वापरलेले बरे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा मार्ग दाखवला, त्याचा मोठा फायदा हाच: खेळणे मोडले की मूल ते स्वतःच पुन्हा करते. महागडे यंत्र बंद पडले की त्यावर कापड पडते, आणि व्हरांड्यातल्या त्या कोपऱ्यात सायकली लागू लागतात.